न धरलेला आकडा

त्या मुलीला उद्या रस्त्यात पाहिलं तर मी ओळखणार नाही. टोपीखाली तिचा अर्धाच चेहरा दिसत होता, आणि तोही तिने फिरवून घेतला. आठवतो तो तिचा डावा हात. मनगटापर्यंत रापलेला आणि पुढे पंजा मात्र पांढराफटक, दुसऱ्या कुणाचा उसना आणून जोडल्यासारखा. गोल्फ खेळणारे हातमोजा एकाच हाताला घालतात, त्याची ती खूण, हे मला नंतर लेकीने सांगितलं. ऑक्टोबर सरून आता बरेच महिने झाले. तरी भांडी विसळताना, सिग्नलला गाडी थांबली की तो हात मध्येच डोळ्यांपुढे येतो, आणि त्या हातात कुणीतरी दिलेलं अर्धं केळं.

बाकी काही घडलं नव्हतं.

कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं गोल्फ कोर्स आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. ऑक्टोबरात तिथे मुलींच्या विद्यापीठ संघांची स्पर्धा भरते. तीन दिवस, रोज अठरा होल. दोऱ्या बांधलेल्या नाहीत, गर्दी म्हणाल तर एखाद्या घरगुती साखरपुड्याइतकी, आणि त्यातले निम्मे खेळणाऱ्या मुलींचे आईबाप. लेकीला खेळ बघायचा होता, मला फक्त गाडी चालवायची होती. आत शिरल्याबरोबर ती मैत्रिणीला घेऊन यजमान संघामागे पळाली आणि मी एकटीच रेंगाळत राहिले. ऊन चांगलंच तापलं होतं. इथला ऑक्टोबर आपल्या ऑक्टोबर हीटचा चुलतभाऊच. डोंगर पिवळे पडलेले, ओकच्या झाडांखाली काळीकुट्ट सावली, आणि वारा आला की निलगिरीचा वास. त्या वासाचा माझ्या लेखी एकच अर्थ आहे: आजीने रुमालावर टाकलेले दोन थेंब आणि शाळेला दांडी. त्यामुळे मी तशीही थोडी सुट्टीच्या मूडमध्ये होते. सावली बघून बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, आणि समोरून मुली आपापल्या तीनचाकी हातगाड्या ढकलत जातील त्या बघायच्या, एवढाच बेत.

बाराव्या होलच्या फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, अगदी मधोमध ओक उभा आहे. मुद्दाम लावल्यासारखा, वाटेत आडवा. मी त्याच्या अलीकडे बसले होते. ही मुलगी आली, तिचा पहिला फटका नेमका त्या झाडामागे येऊन थांबला. दुसरा फांदीवर आपटून उलटा आला, जवळजवळ तिच्या पायाशी. तिसऱ्यात ती कशीबशी बाजूला निघाली. चौथा ग्रीनजवळच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीजवळच्या, वाळूत गेला. पाचवा वाळूतच राहिला. मला गोल्फमधलं फारसं कळत नाही, पण मी बोटांवर मोजत होते. सहाव्याला बॉल हिरवळीवर आला. चार फटक्यांचा तो होल, आणि दोन पट, म्हणजे हिरवळीवरून भोकाकडे ढकलायचे हलके फटके, अजून बाकी होते. मुलगी वाळूच्या खड्ड्यात उभी, हातात दाताळं, आणि तिचे खांदे हलत होते. आवाज नाही, काही नाही.

तेवढ्यात शेजारच्या फेअरवेवरून आडवी चालत एक बाई आली. पन्नाशीच्या आसपासची, पाठीला सॅक, गुडघ्याला पट्टा. अंगात मुलीच्याच रंगाचा टीशर्ट, तेव्हा कोच असणार हे मलाही कळलं. (कुठल्या विद्यापीठाचा रंग ते मी सांगत नाही. त्या मुलीचा तो दिवस तिचा तिच्यापाशी राहू दे.) आता ही हिला झापणार, नाहीतर हात धरून मनगट कसं वळवायचं ते दाखवणार, असं मला वाटलं, कारण सर, मॅडम, कोच ही मंडळी अशा वेळी काय करतात ते मी पाहिलेलं आहे. बाईने मुलीच्या हातातलं दाताळं काढून घेतलं आणि स्वतः वाळू सारखी करायला लागली. अंगण झाडावं तशी, निवांत, कोपऱ्याकोपऱ्यातून. मुलीने दोन पट घेतले. आठ. मग दोघी पुढच्या टीकडे, म्हणजे पुढचा होल सुरू होतो तिकडे, चालू लागल्या. बाईने सॅकमधून केळं काढलं, सोललं, मोडून अर्धं तिच्या हातावर ठेवलं आणि उरलेलं अर्धं स्वतः खाल्लं. पन्नास-साठ पावलं कुणी बोललं नाही. नंतर मुलगीच काहीतरी पुटपुटली आणि बाई खो-खो हसली.

खो मला मिळाला.

गोष्ट कऱ्हाडची, तीस वर्षांपूर्वीची. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या खो-खो संघात मी होते, म्हणजे यादीत होते. तेव्हा बारा जणींचा संघ असायचा; नऊ मैदानात, तीन राखीव. मी बारावी. सकाळी मैदानावर पाणी मारायचं, चुन्याने रेघा ओढायच्या, खांबाला पावडर चोळायची, आणि सामन्यात बाटल्या घेऊन बाजूला बसायचं. पण रोज संध्याकाळी सरावाला मात्र मी हमखास मैदानात. सर म्हणायचे, "पोरी, तू पळ." आणि मी पळायचे. आमच्या पाठलाग करणाऱ्या नऊ जणींना पकडायला कुणीतरी लागायचं ना, ती मी. एकसाखळी पळणं मला बरं जमायचं. दोन खांबांमधून नागमोडी काढत मी चांगली तीन-तीन मिनिटं टिकायचे. संघातली सगळ्यांत तरबेज मुलगी सूर मारून माझी टाच धरायला शिकली ती माझ्याच टाचेवर. गुडघे फुटायचे दोघींचेही. तिच्या गुडघ्यांना पुढे पदक मिळालं.

त्या वर्षी आम्ही अंतिम फेरीत गेलो. शेवटची पाळी, आम्ही पळतीवर, आघाडी सात गुणांची, आणि घड्याळात दोन मिनिटं. समोरच्या संघाने जवळजवळ सोडून दिलं होतं. एकीच्या जागी मला उतरवायला काहीही हरकत नव्हती. मी बुटांच्या नाड्यासुद्धा बांधून ठेवल्या होत्या. आम्ही बहुतेक अनवाणीच खेळायचो, तरी. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. शिट्टी झाली, आम्ही जिंकलो, मुलींनी मला पण खांद्यावर घेतलं आणि मी हसलेदेखील. परतीच्या एसटीत मागच्या बाकांवर गाणी चालली होती. सर पुढून उठून, दांड्या धरत धरत मागे आले आणि माझ्यापुढे भडंगाची पुडी धरली. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग पुडी माझ्या शेजारच्या सीटवर ठेवून पुढे गेले. ती पुडी मी कऱ्हाड स्टँडवर तशीच सोडून उतरले. दोन दिवसांनी गावातल्या पेपरात बातमी आली, विजयी संघाची नावं छापून. अकरा नावं होती.

मोजून पाहिली मी. तीनदा.

त्यानंतर मी सरावाला गेले नाही. सरांनी कुणाकरवी निरोप वगैरे पाठवला नाही, मी पण गेले नाही. आता हे लिहिताना मलाच ते फार क्षुल्लक दिसतंय, पण अठराव्या वर्षी दोन मिनिटं म्हणजे काय असतात ते ज्याचं त्याला ठाऊक. सर अजून कऱ्हाडलाच असतात. दर खेपेला मी माहेरी गेले की त्यांच्या गल्लीवरून रिक्षा जाते.

तर तो शनिवार. संध्याकाळी घरी आल्यावर मी लेकीच्या फोनवर त्या संघाचे आकडे शोधले. विद्यापीठांच्या गोल्फमध्ये हिशेब असा असतो: संघातून पाच जणी खेळतात, आणि रोजच्या पाच आकड्यांतले चांगले चार धरतात. पाचवा, म्हणजे सगळ्यांत जास्त फटक्यांचा, सोडून देतात. त्या संघाचे आकडे होते 70, 71, 73, 74 आणि 83. लाइट बिलाच्या पाकिटामागे मी बेरीज केली. पहिल्या चारांची 288, आणि संघाच्या नावापुढेही 288 च होते. तिचे 83 फटके कुठेच नव्हते. ती साडेपाच तास चालली असेल. आठ-नऊ किलोमीटर, चढ-उतार, आपली बॅग आपण ढकलत, कारण इथे कॅडी, म्हणजे बॅग उचलणारे मदतनीस, नसतात. झाडाला बॉल लागला, वाळूत गेला, रडू आलं, केळं खाल्लं. आणि ते सगळं बेरजेत नाही. मी लेकीला म्हटलं, "अगं मग तिने खेळून काय मिळवलं?" लेक म्हणाली, "आई, पण कुणाचा आकडा जाणार हे आधी कुणालाच माहीत नसतं ना. बाराव्या होलला तिला काय माहीत बाकीच्या कशा खेळतायत?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खो-खोमध्ये सगळं डोळ्यांसमोर असतं. एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून आठ जणी बसलेल्या, कुणी धापा टाकतंय ते ऐकू येतं, खो देणारीचा हात पाठीवर पडतो. इथे पाच जणी अठरा होलांवर विखुरलेल्या, एक डोंगराच्या या अंगाला, दुसरी ओढ्यापलीकडे. प्रत्येकीच्या सोबत चालणाऱ्या दोघी दुसऱ्याच संघांच्या. आपली कुणी जवळ नाही. संघ म्हणून काही असेल तर ते त्या पाचांमधून वणवण करणाऱ्या कोचच्या पायांत. आणि कोचला बोलता येतं हीच इथली गंमत आहे. एरवी गोल्फमध्ये खेळाडूला सल्ला द्यायचा हक्क फक्त तिच्या कॅडीला. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली तेव्हा तिची बॅग तिच्या आईने उचललेली आपण सगळ्यांनी पाहिलं. 2021 च्या ऑगस्टमधल्या त्या शनिवारी सकाळी अख्खा भारत गोल्फमधला तज्ज्ञ झाला होता, आणि इथे शुक्रवारी रात्री आम्ही कढी तशीच उतू घालवून टीव्हीपुढे बसलो होतो. विद्यापीठाच्या स्पर्धेत मात्र आईबापांनी तोंड उघडायचं नाही. लांबून चालायचं. दुर्बीण चालते, छत्री चालते, सल्ला चालत नाही. कोचने मात्र चालत यावं, बोलावं, क्लब कुठला घ्यायचा ते सांगावं, वाऱ्याचा अंदाज द्यावा. एवढी सूट असताना त्या बाईने ती सूट वाळू सारखी करण्यात घालवली.

लेकीच्या गोल्फविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर मी फार तटस्थ बाई आहे असं वाटेल. ती नववीत आहे, दोन वर्षांपासून खेळते, बरी खेळते. पण इथल्या आपल्या लोकांत गोल्फ हा नुसता खेळ राहिलेला नाही. गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं की मागून कानावर येतं, "गोल्फ चांगलं, मुलींत स्पर्धा कमी, ॲडमिशनला उपयोग होतो." जसं काही ते भरतनाट्यमच्या अरंगेत्रमशेजारी आणखी एक ओळ. इथल्या नियमाप्रमाणे विद्यापीठाच्या कोचने मुलीशी थेट बोलायला सुरुवात करायची ती दहावी झाल्यावरच्या 15 जूनपासून. त्या दिवशी कुठल्या घरात फोन वाजला आणि कुठल्या नाही याची चर्चा पुढे दिवाळीपर्यंत पुरते. 15 जून! आमच्या लेखी तो शाळा उघडण्याचा दिवस. नवीन वह्यांना खाकी कव्हरं, ओलं दप्तर, वर्गात पावसाचा आणि चिखलाचा वास. इथे एक सोळा वर्षांची मुलगी मध्यरात्री बारा वाजता फोन उशाशी घेऊन बसते. मला ते बघवत नाही म्हणावं, तर दोन वर्षांनी मीही दाराआड कान लावून उभी असेन, हे मला पक्कं माहीत आहे.

बरं, संघात शिरकाव झाला म्हणजे सुटलं असंही नाही. आठ-नऊ जणी असतात, आणि बाहेरगावच्या स्पर्धेला पाचच जातात. त्या पाच ठरवायला मुली आपसांत खेळतात. म्हणजे जिच्याबरोबर सकाळी जेवणघरात टोस्ट खाल्ला तिलाच दुपारी हरवायचं, आणि रात्री तिच्याच खोलीत अभ्यासाला बसायचं. काही जागा आकड्यांवर ठरतात, एखादी कोचच्या मनावर. मग कोचने एकीला बाजूला घेऊन सांगायचं, या वेळी तू नाहीस. वर्षभरात असं कितीदा सांगावं लागत असेल? त्या बाईने ते कुठे शिकलं असेल? सरांनी माझ्याकडे पाहून नंतर घड्याळाकडे पाहिलं होतं, तेव्हा त्यांच्याही डोक्यात काही चाललं असेल हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. म्हणजे मी त्यांना माफ केलं असं नाही. दोन मिनिटं होती हो. सात गुण होते.

लेकीची दैवतं याच मैदानावरची. गाडीत बसली की सुरू होते. मरायाची गोष्ट मी आता तोंडपाठ म्हणून दाखवेन: 2015 साली मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदाच शेवटी संघाविरुद्ध संघ, एकास एक अशा लढती ठेवल्या. फ्लोरिडात अंतिम सामना, स्टॅनफर्डविरुद्ध बेलर, दोन-दोन बरोबरी, आणि उरलेल्या एका लढतीत स्टॅनफर्डची मराया स्टॅकहाउस दोन होल मागे, खेळायचे होलही दोनच. दोन्हींवर तिने बर्डी मारली, म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका कमी घेतला, आणि एकोणिसाव्या, म्हणजे एका जादा होलवर जिंकली. स्टॅनफर्डच्या मुलींचं ते पहिलं विजेतेपद. तेव्हा कोच होती ॲन वॉकर, मूळची स्कॉटलंडची, आणि अजूनही तीच आहे; 2022 आणि 2024 मध्ये तिच्या मुली पुन्हा जिंकल्या, 2025 मध्ये अंतिम सामन्यात नॉर्थवेस्टर्नकडून तीन-दोन हरल्या. मग रोझ झँग, जिने लागोपाठ दोन वर्षं वैयक्तिक विजेतेपद मिळवलं, जे 1982 पासूनच्या या स्पर्धेत आधी कुठल्याच मुलीला जमलं नव्हतं. आणि रेचल हेक, जिच्यावर लेकीचा राग आहे. पहिल्याच वर्षी, 2021 मध्ये राष्ट्रीय विजेती, आणि शेवटी काय, तर व्यावसायिक खेळणार नाही म्हणाली आणि हवाई दलात अधिकारी झाली. "एवढं येत असताना कुणी सोडतं का?" मी आरशातून तिच्याकडे पाहते आणि गप्प बसते. सोडण्याविषयी मला जे माहीत आहे ते सांगण्यासारखं नाही.

आणि मेघा गन्ने. 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबवर महिलांची यूएस ओपन झाली तेव्हा ही न्यू जर्सीची शाळकरी मुलगी पहिल्या दिवशी 67 मारून संयुक्त आघाडीवर होती, आणि रविवारी शेवटच्या गटात खेळली. कऱ्हाडहून आत्याचा फोन. तिथल्या कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. "गन्ने म्हणजे उसाचे का गं? आपल्याकडचे कारखान्याचे?" तिचा बिचारीचा दोष नाही, कृष्णाकाठी प्रत्येक गोष्ट फिरून उसावर येते. मेघा पुढे स्टॅनफर्डच्या संघात आली आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये तिने अमेरिकेची हौशी महिला स्पर्धा जिंकली. मे महिन्यात संघ अंतिम सामना हरला त्यानंतर तीनच महिन्यांनी. लेकीच्या कपाटाच्या आतल्या बाजूला तिचा फोटो आहे. बाहेरच्या बाजूला लावला तर बाबा चिडवतात म्हणून आत.

मला स्वतःला या सगळ्यांपेक्षा जुनी गोष्ट आवडते. विद्यापीठातल्या मुलींनी गोल्फच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरावं ही कल्पना पहिल्यांदा प्रत्यक्षात आणली ग्लॅडिस पामर नावाच्या बाईने, ओहायो स्टेट विद्यापीठात, 1941 साली. ती तिथे मुलींच्या शारीरिक शिक्षण विभागाची प्रमुख होती. तिला विरोध कुणी करावा? तिच्यासारख्याच, मुलींना व्यायाम शिकवणाऱ्या बायांनी. मुलींनी खेळावं, पण चुरशीने जिंकण्यासाठी खेळू नये, असं त्या काळच्या शहाण्यासुरत्या शिक्षिकांचं मत होतं. मधे युद्धामुळे स्पर्धा बंद पडली, पुन्हा 1946 मध्ये सुरू झाली. 1950 च्या दशकात मिकी राइट स्टॅनफर्डला एक वर्ष शिकून बाहेर पडली आणि जगातल्या सर्वोत्तम गोल्फपटूंपैकी एक झाली. तिला इथे धरून ठेवायला मुलींसाठी खेळाची शिष्यवृत्तीच नव्हती. 1972 मध्ये कायदा आला, शिक्षणसंस्थांनी मुलगा-मुलगी भेद करायचा नाही म्हणून, आणि त्याने खेळाच्या मैदानांची दारं उघडली. त्यानंतर दहा वर्षांनी, 1982 साली, ज्या संघटनेच्या नावाने आज या मुली खेळतात तिने मुलींची पहिली राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा घेतली ती याच स्टॅनफर्डच्या मैदानावर. टल्साचा संघ जिंकला होता. मी ओकखाली बसले होते तेव्हा मला हे माहीत नव्हतं. त्या झाडाने किती जणींचे आठ-आठ पाहिले असतील.

आमच्याकडे गोल्फ म्हणजे भिंत. पुण्याला नोकरीत होते तेव्हा माझी बस येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकातून जायची. मी तीन वर्षं तिथून गेले आणि गोल्फ कधी पाहिलं नाही. भिंतीवरून डोकावणारी झाडं, फाटकाशी सायकली लावून उभे असलेले कॅडी, आणि एकदा कंडक्टरने, "गोल्फ उतरा, गोल्फ," म्हटलं तेव्हा उतरलेला भाजीचा हारा घेतलेला म्हातारा. पलीकडे काय चालतं याची उत्सुकताही वाटली नव्हती. त्याच माणसाने आता लेकीच्या क्लबच्या सेटचे हप्ते भरावेत, हे मी नवऱ्याला सांगते तेव्हा तो म्हणतो, "हप्ते मी भरतोय." तेही खरं.

रविवारी मी पुन्हा गेले. लेकीला वाटलं आईला गोडी लागली. पर्समध्ये मी दोन केळी टाकली होती. का, ते मला विचारू नका. आईबापांनी सुद्धा लांब राहायचं असतं तिथे मी कोण. या खेपेला मी त्या संघाला शोधून काढलं. ती सातव्या होलच्या आसपास सापडली. पोनीटेलवरून नाही, पंज्यावरून. ग्रीनवर हातमोजा काढून मागच्या खिशात खोचलेला, त्याची पाच बोटं बाहेर लोंबत होती, आणि तो पांढरा हात पटरवर. बॉल अडखळत जाऊन भोकात पडला तेव्हा होणारा आवाज जवळून ऐकला मी; डब्याचं झाकण नीट लागल्यासारखा. तिने वर पाहिलं नाही. कोच आसपास नव्हती. मग ती गाडी ढकलत निघाली आणि मी बाजूच्या रस्त्याने निघाले. तिचा वेग माझ्यापेक्षा जास्त, मग मी वेग वाढवला. ती थांबली की मी थांबायचे, बुटाची नाडी बघितल्यासारखं करायचे. माझ्या पुढे थोड्या अंतरावर एक बाई आणि एक उंच गृहस्थ चालत होते, मध्ये दहा फुटांचं अंतर ठेवून, न बोलता. तिचे आईबाप असावेत. दोघांच्याही टोप्यांचा रंग तिच्या टीशर्टचा. बाईच्या ओठांची सतत हालचाल होत होती, जपमाळ ओढावी तशी.

बाराव्या होलपाशी आम्ही सगळे आलो. तिचा पहिला फटका झाडाच्या डावीकडून स्वच्छ निघून गेला. तेव्हा मला कोच दिसली. ती तिथे आलीच नव्हती. दूर, दुसऱ्या फेअरवेवर, दुसऱ्या एका मुलीबरोबर चालत होती. ती मुलगी मान खाली घालून, आणि कोच तिच्या अर्ध्या पावलाने मागे, सॅकच्या चेनशी काहीतरी करत. तिकडे कुणाचं काय बिनसलं होतं कुणास ठाऊक. ही इकडे एकटीच झाड ओलांडून पुढे गेली. जाताना तिने गाडीचं हँडल सोडून, चालता चालता, झाडाच्या बुंध्यावर तळहाताने एक थाप मारली. खो दिल्यासारखी.

मी तिथेच थांबले. पुढे गेले नाही.

चार वाजता पार्किंगमध्ये गाडीत बसलो. आत भट्टी झाली होती. लेकीला भूक लागली होती, तिने पर्स उचकली. "आई, ही काय अवस्था झालीय केळ्यांची!" सालं काळी पडून मऊ झाली होती. तिने नाक मुरडलं, मग एक सोललं, मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. आम्ही एसी लावून ते खाल्लं. मी दार उघडून त्या संघाचे आकडे तिच्या फोनवर काढले आणि कालच्याच पाकिटावर मांडले: 72, 79, 71, 74, 73. बहात्तर तिचे होते. एकोणऐंशी कुणाचे म्हणून पाहिलं, तर आदल्या दिवशी जिने 70 मारले होते तिचे.

"कुणाचा गेला आज?" लेकीने तोंडात केळं असतानाच विचारलं.

"थांब," मी म्हटलं, "बेरीज करतेय," आणि पाचही आकड्यांची करून टाकली.